खेमाची फूक

धुळ्याच्या बँडवाल्यांत बादल बागूलची दोन गोष्टींसाठी ओळख होती. एक म्हणजे त्याचा हात. वरातीच्या गाडीवर उभं राहून कीबोर्ड वाजवायचा, चाकाखाली खड्डे, समोर घामाघूम नाचणारी माणसं, कानाशी जनरेटरची धडधड, तरी त्याची बोटं चुकत नसत. दुसरी ओळख होती संशयी माणूस म्हणून. विजेवर त्याचा काडीचा विश्वास नव्हता.

इतर वाजवणारे गाडीवर चढले की दिसेल त्या बोर्डात पिन खुपसून मोकळे होत. बादल आधी खिशातला टेस्टर लावून बघायचा. जनरेटरची वीज तो कीबोर्डला थेट कधीच देत नसे. मध्ये कॉम्प्युटरचा एक जुना यूपीएस असायचा, गाडीच्या कठड्याला सुतळीने बांधलेला. ॲडॉप्टरवर त्याने लाल पट्टी गुंडाळली होती, म्हणजे घाईत कुणाचा दुसरा लागायला नको. बाहेरून सगळे ॲडॉप्टर सारखेच दिसतात. पण एकाच्या पिनेत अधिक, म्हणजे प्लस, मध्ये असतो, दुसऱ्याच्या कडेला, आणि उलटा लागला की कीबोर्ड गेलाच. एवढं करूनही कीबोर्डच्या पोटात सहा मोठे सेल असायचेच. सेल बदलायची वेळ आली तर ॲडॉप्टर चालू ठेवूनच बदलायचे, असा त्याचा नियम होता.

"अरे, एक तर वायरवर वाजव, नाही तर सेलवर," बँडचे मालक जीवराम मास्तर म्हणायचे. "एका बाईला दोन दोन मंगळसूत्रं कशाला?"

"वाजवता वाजवता लाईट गेली तर, मास्तर?" बादल एवढंच बोलायचा. खरं कारण त्याने कुणाला सांगितलेलं नव्हतं.

बादल साक्रीच्या पश्चिमेकडचा, डोंगराच्या कुशीतल्या एका पाड्यावरचा. त्याचा बाप खेमा पावरी वाजवायचा. वाळल्या दुध्या भोपळ्याला बांबूच्या नळ्या बसवून, मेणाने सांधे बुजवून केलेलं हे वाद्य. वाजवणाऱ्याला गाल फुगवून सारखा दम भरावा लागतो. डोंगऱ्यादेवाच्या उत्सवाच्या दिवसांत, मार्गशीर्षात, गावातली माणसं हात धरून पावरीमागे फेर धरत आणि खेमा मधे उभा राहून फुंकत असे. कुणाच्या अंगात वारं यायचं तर ते त्याच्याच फुंकीवर. बाकी वर्षभर पावरी घराच्या आढ्याला टांगलेली. लग्नात नाही, बारशात नाही, करमणुकीला तर नाहीच.

बादल आश्रमशाळेत पेटी शिकला, मग धुळ्याला आला आणि जीवराम मास्तरांच्या बँडमध्ये लागला. कीबोर्ड त्याने जळगावहून, केवलचंद शेठच्या वाद्यांच्या दुकानातून जुना घेतला. पाड्यावर सगळे त्याला कॅसिओच म्हणत, कंपनी कुठलीही असो. त्या कीबोर्डला एक लहानसा माइक जोडता यायचा. बटण दाबून माइकसमोर काही बोललं, टाळी वाजवली, तर तो आवाज पट्ट्यांवर उतरायचा. बादलने गंमत म्हणून कोंबड्याची बांग घेऊन बघितली होती, आणि मग ते बटण विसरून गेला होता.

खेमाच्या छातीचं दुखणं वाढलं तेव्हा बादलने त्याला दाखवायला धुळ्याला आणलं. खेमा कापडात गुंडाळलेली पावरी घेऊनच आला. मागे कुणी हात लावेल म्हणून. डॉक्टरांनी फुंकणं बंद करायला सांगितलं. त्या दुपारी खोलीवर बाप बसून होता, पावरी मांडीवर. बादलला काय वाटलं कोण जाणे, त्याने माइक लावला.

"आबा, एकच फूक मार ना."

"आते दिवस नहीत रे," खेमा म्हणाला. "देव रागावी."

"इथे कुठे देव? धुळ्यात आहोत आपण. एकच."

खेमाने मुलाकडे बघितलं. मग त्याने छाती भरून श्वास घेतला, खर्रकन वाजला तो, आणि पावरी ओठांना लावून एक सूर सोडला. सूर पुरा व्हायच्या आत खोकला आला. पण तोवर माइकने आपलं काम केलं होतं. बादलने पट्टी दाबली: आधी बापाचा श्वास, मग पावरी. खेमा हसला. स्वतःचीच फूक दुसऱ्याच्या बोटातून ऐकून तो लहान मुलासारखा हसला. "पुन्हा दाब," म्हणाला.

पावसाळ्याच्या तोंडावर खेमा गेला. पावरी रिवाजाप्रमाणे गावातल्या दुसऱ्या माणसाकडे गेली.

दिवस-कार्य उरकून बादल धुळ्याला परतला. कीबोर्ड भिंतीशी तसाच उभा होता. त्याने चालू केला, काही सुचेना म्हणून बोटं फिरवली, आणि खोलीत बापाने श्वास घेतला.

तो उडी मारून दारापर्यंत गेला होता, असं त्याला नंतर आठवलं.

दुसऱ्या दिवशी त्याने जळगावला फोन लावला. दुकानावर आता केवलचंद शेठचा मुलगा अर्हम बसायचा. "बादलभाऊ, या मॉडेलची मेमरी कायमची नाही," अर्हमने सांगितलं. "सेल नाहीतर ॲडॉप्टर, एकातून तरी वीज मिळाली पाहिजे. दोन्ही एकदम निघाले की घेतलेला आवाज पुसला जातो."

संशयीपणा सुरू झाला तो त्या फोननंतर.

खोलीवर एकटा असला की तो ती पट्टी दाबायचा. रोज नाही, पण दाबायचा. वरच्या सप्तकात श्वास आखूड आणि चपळ व्हायचा, जणू खेमा दहा-बारा वर्षांचं पोर आहे आणि डोंगर चढून आलाय. खालच्या पट्ट्यांवर तोच श्वास लांबत, घरघरत जायचा. तिथे शेवटचे दिवस होते. बादल खालच्या पट्ट्यांकडे जात नसे. पण काही वेळा बोटं आपसूक तिकडे जात. पट्टी धरून ठेवली की तेच पुन्हा पुन्हा: श्वास, सूर, श्वास, सूर. त्याला वाटायचं, आपण पट्टी सोडली की आबा कुठे जातो? आणि धरून ठेवली तर किती वेळात दमेल?

त्याची आई जिवली एकदा बाजाराला म्हणून आली आणि खोलीवर राहिली. बादल बाहेरून चहा घेऊन आला तर ती कीबोर्डसमोर उकिडवी बसलेली. धूळ पुसताना तिचा हात पट्ट्यांवर पडला होता. हात तसाच खाली दाबलेला, आणि खोलीभर खेमाचा श्वास.

बादलने पटकन बटण बंद केलं.

"हाऊ तुना बाप शे," जिवली म्हणाली. विचारलं नाही तिने, सांगितलं.

"आवाज आहे नुसता, माय."

"दम लेस, पन सोडत नही." तिने आपल्या छातीवर हात ठेवला. "ऐक तू. आत लेस, आत लेस. बाहेर कव्हय टाकी तो?"

ती त्याच दुपारच्या गाडीने पाड्यावर परत गेली. चहा तसाच राहिला.

पुढे दोन लग्नसराया अशाच गेल्या. मग दोंडाईच्याची वरात आली.

त्या दिवशी गाडीवर धूर सोडायचं नवं यंत्र बसवलं होतं. यूपीएसला जागा उरली नाही. "आजच्या दिवस थेट लाव," जीवराम मास्तर म्हणाले, आणि नवऱ्याकडची मंडळी उन्हात ताटकळत होती, म्हणून बादलने मनाविरुद्ध थेट लावलं. सेलही थकलेले होते. आदल्या दिवशी साक्रीकडच्या हळदीत वीज गेली आणि सगळा कार्यक्रम सेलवरच निभावला होता. सकाळी नवे घालायचे, हे टेम्पोतल्या झोपेत राहून गेलं.

बाजारपेठेच्या वळणावर जनरेटर एकदम चढला. दिवे लखलखले, ॲडॉप्टरमधून जळका वास आला आणि तो हाताला चटका देऊन थंड झाला. कीबोर्ड सेलवर गेला. पडदा मंद झाला, अक्षरं पुसट व्हायला लागली. बादलने त्याच क्षणी तो बंद केला. बंद कीबोर्डला थेंबभर वीज पुरते. तेवढी त्या सेलांत उरलेली असावी, एवढीच त्याची प्रार्थना होती.

कीबोर्ड काखेत घेऊन, गाडीवरून उतरून तो दुकानं पालथी घालत सुटला. मागून मास्तर ओरडत होते. इलेक्ट्रिकच्या दुकानात ॲडॉप्टर होते, पण एकाचा अधिक मध्ये, दुसऱ्याचे व्होल्ट जास्त. नवे सेल मात्र ढीगभर.

"मग सेल घाला ना," दुकानदार म्हणाला. "जुने काढा, नवे घाला. त्यात काय?"

"काढता येत नाहीत."

"गंजलेत का?"

"नाही," बादल म्हणाला. दुकानदाराला कसं सांगायचं, की जुने निघाले आणि नवे बसले या मधल्या वेळेत आत कुणीतरी आहे ते मरेल?

दोंडाईच्याला एक बरं होतं, स्टेशन होतं. त्याने जळगावची गाडी पकडली. खिडकीशी बसून कीबोर्ड मांडीवर घेतला आणि सेलच्या झाकणावर तळहात दाबून धरला, धक्क्याने स्प्रिंग हलू नये म्हणून. लहान आजारी मूल घेऊन जाणाऱ्या माणसासारखा तो दिसत असावा, कारण समोरच्या बाईने त्याला पाण्याची बाटली पुढे केली. चालू करून बघावं असं त्याला सारखं वाटत होतं. पण बघण्यातच उरलीसुरली वीज गेली असती. अमळनेर आलं, धरणगाव आलं. आबा आहे की नाही हे माहीत नसताना तो आबाला मांडीवर घेऊन बसला होता. उन्हाने पत्रा तापला होता आणि त्याच्या अंगावर काटा होता.

जळगावला अर्हमने बादलच्या तोंडाकडे बघून कपाटातून बरोबर पिनेचा ॲडॉप्टर काढला, लावला, मग शांतपणे सेल बदलले. "दाबा," म्हणाला.

"तुम्हीच दाबा."

अर्हमने पट्टी दाबली. भर बाजारातल्या त्या दुकानात, तबल्यांच्या आणि पेट्यांच्या रांगेत, खेमाने श्वास घेतला. बादल पायरीवर जाऊन बसला.

थोड्या वेळाने अर्हम शेजारी येऊन बसला. "बादलभाऊ, हे असं किती दिवस? मी वायर लावून कॉम्प्युटरवर घेऊन ठेवतो. पेनड्राइव्हवर देतो. मग कीबोर्ड जळाला तरी आवाज जाणार नाही."

बादलने होकाराची मान हलवली आणि पेनड्राइव्ह खिशात घालूनच तो निघाला. त्या क्षणी त्याला दुसरं काही नको होतं.

जीवराम मास्तर संतापलेलेच होते. अर्धी वरात कीबोर्डशिवाय निघाली, पाहुण्यांनी त्यांची अब्रू काढली होती. दुसऱ्या दिवशी बादलने त्यांना सगळं सांगितलं, पहिल्यांदाच. त्यांनी तो आवाज ऐकला, डोळे पुसले. माणूस वाईट नव्हता. पण बँड चालवणारा होता.

"बादल," ते म्हणाले, "आपण नवा कीबोर्ड घेतोय ना, पेनड्राइव्ह लागतो तो. त्यात घाल हे. साक्रीच्या पट्ट्यात असला टोन कुणाच्या गाडीवर नाही. तुझ्या बापाचं नाव होईल."

वरात टाकून पळालेल्या माणसाला नाही म्हणता आलं नाही.

वैशाखात साक्रीच्या डोंगराकडच्या एका गावात लग्न होतं. दुपार कलती झालेली, नाच रंगात आलेला. मास्तरांनी खूण केली. बादलने तो टोन लावला आणि डोंगऱ्यादेवाची चाल धरली. पहिल्या दोन सुरांतच नाचणाऱ्यांचं काहीतरी बदललं. रांगा मोडल्या, माणसांनी नकळत एकमेकांचे हात धरले, फेर झाला. मग नवरदेवाचे आजोबा थरथरायला लागले. खेमाच्या वयाचे, त्याच्याबरोबर फेरात नाचलेले. पागोटं पडलं, डोळे वर गेले. फेर तोडून ते सरळ गाडीपाशी आले.

"खेमा!" ते बादलच्या मागे बघत ओरडले. "खेमा कोठे शे? तो फुंकी ऱ्हायना, माले दखात नही!"

बादलने बोटं उचलली. आवाज थांबला. म्हातारा हात वर करून तसाच उभा राहिला, पुढच्या फुंकीची वाट बघत. ती येईना, आणि अंगातलं वारं उतरेना. बायका रडायला लागल्या. कुणी पाणी आणलं, कुणी अंगारा. गावातल्या एका जाणत्याने गाडीपाशी येऊन दातओठ खाऊन विचारलं, "दिवस नसताना कुणी बोलावलं त्याला?" बँड तिथेच आटोपला. आजोबा कितीतरी दिवस अंथरुणावर होते, असं नंतर कळलं.

बादलने आपला पेनड्राइव्ह पुसला, अर्हमला फोन करून कॉम्प्युटरवरचा आवाज पुसायला सांगितलं आणि मास्तरांना तो टोन काढून टाकायला लावला. मास्तरांनी त्याच्यासमोर कीबोर्डातून काढला. पण वाजवणाऱ्यांत टोन कुणाचा एकट्याचा राहत नाही. लग्नसराईत कीबोर्ड या हातातून त्या हातात जातात, पेनड्राइव्ह चहाच्या टपरीवर बदलले जातात, आणि मागितलेला टोन न देणं म्हणजे हलकेपणा समजतात. पावसाळ्याच्या आधीच बादलने तो धुळ्यात देवपूरच्या रस्त्यावर ऐकला, कुणा परक्याच्या वरातीत. मग कुणाच्या तरी मोबाइलवर. बसमध्ये मागच्या सीटवरून. कुठल्याशा नाचाच्या गाण्याखाली आबा श्वास घेत होता, भराभर, तालावर, थकायला परवानगी नसल्यासारखा. बादल कानावर हात ठेवायचा आणि हातांच्या आतही ऐकू यायचं.

आता खोलीत जुन्या कीबोर्डजवळ झोपणंही त्याला जमेना. पाऊस सुरू झाला, कामं थांबली, तेव्हा तो कीबोर्ड पाड्यावर घेऊन गेला. नवे सेल घातले, माळ्यावर कोरड्या जागी ठेवला. "माय, याला हात लावू नको," असं दोनदा बजावलं आणि मजुरीला निघून गेला.

पोळ्याला परतला तेव्हा अंगणात गाय बांधलेली होती आणि तिच्यापाशी एक लालसर पाडी धडपडत उभी राहत होती. जिवली दूध तापवत होती.

"गाय व्यायनी रे," ती खुशीत म्हणाली. "अडेल व्हती. लाइट नही, पाऊस. बॅटरीना सेल संपेल. तुना कॅसिओना काढात."

बादल माळ्यावर चढला. झाकण नीट परत बसवलेलं होतं. आत सहा रिकाम्या जागा. त्याने ॲडॉप्टर लावला, पट्टी दाबली. काही नाही. वर दाबली, खाली दाबली. फक्त लाकडावर टिचकी मारावी तसा प्लास्टिकचा आवाज.

तो खाली उतरला तेव्हा जिवली त्याच्याकडेच बघत होती. तिला माहीत होतं की नव्हतं, हे त्याला तेव्हा विचारता आलं नाही, आणि पुढेही त्याने कधी विचारलं नाही. तिने पाडीच्या पाठीवरून हात फिरवला. "त्यानी दम सोडा व्हई," एवढंच ती बोलली.

आपण रडू असं बादलला वाटलं होतं. रडू आलं नाही. त्या दिवशी त्याला दुपारी गाढ झोप लागली.

पुढच्या सराईत त्याने मास्तरांच्या बँडमध्ये पुन्हा काम धरलं. यूपीएस पहिल्यासारखाच बांधायचा, पण सेलांचं वेड गेलं होतं. हिवाळ्यात मास्तरांनी त्याला भडगावला पाठवलं, तिथल्या बँडवाल्याचा साउंड मिक्सर बघायला. तिथे एक वरात चालली होती. वाजवणारा पोरसवदा नव्हता, चांगला तयार होता, स्वप्नील नाव. त्याच्या स्पीकरमधून सारखी घुमघुम येत होती. बादलने गाडीवर चढून जनरेटरची अर्थिंगची वायर नीट आवळून दिली. घुमघुम थांबली.

"उस्ताद माणूस दिसता," स्वप्नील म्हणाला. "थांबा, तुम्हाला एक टोन ऐकवतो. असला तुम्ही ऐकला नसेल."

त्याने पट्टी दाबली. खर्रकन श्वास, मग पावरी.

बादलचा हात कठड्यावर घट्ट झाला. आज पहिल्यांदाच पळून जावंसं वाटलं नाही. आता हा एवढाच उरला होता, परक्याच्या बोटांखाली, परक्या लग्नात.

"कुणाचा आहे?" त्याने विचारलं.

"काय माहीत. कुणी म्हातारा असेल डोंगरातला. शेवटी खोकतो बघा जरासा." स्वप्नीलने खिशातून पेनड्राइव्ह काढला. "पाहिजे का? घेऊन जा."

बादलने त्याचा हात हलकेच परत खिशाकडे लोटला.

"नको," तो म्हणाला. "तू वाजव. पण फार वेळ धरून नको ठेवू. सोडत जा मधे मधे."

"का, फाटतो का?"

"हो. फाटतो."

स्वप्नीलने मान डोलावली आणि चाल धरली, धरायचा, सोडायचा. बादल गाडीवरून उतरला. वरात गिरणा नदीच्या पुलाकडे वळली तसा तोही मागच्या बायकांच्या घोळक्यात मिसळून चालू लागला. कुणीतरी त्याला पाहुणा समजून डोक्यावर टोपी ठेवली आणि हातात पेढा दिला.